लढली नाहीत म्हणून नोंदही नको?

दुसऱ्या महायुद्धातील विमानांवर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात स्पिटफायर असते, हरिकेन असते, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सूर मारणारी व्हेंजन्स क्वचित डोकावते. ज्या विमानांवर हे वैमानिक घडले, त्या टायगर मॉथ, हार्ट, हार्वर्ड या प्रशिक्षण विमानांची बोळवण मात्र एका वाक्यात होते. कोणी त्यांचा सेवा-इतिहास लिहायला घेतला, म्हणजे अमुक क्रमांकाचे विमान कधी दाखल झाले, कोणत्या शाळेत गेले, कधी आपटले, कधी दुरुस्त झाले आणि कधी मोडीत निघाले हे शोधू लागले, की आक्षेप तयारच असतात. ही विमाने लढलीच नाहीत. क्रमांकांच्या याद्या करणे ही कारकुनी आहे, इतिहास नव्हे. ते युद्ध इंग्रजांचे होते. कागदपत्रे तरी कुठे उरली आहेत? आणि हे सगळे जुन्नर-आंबेगावच्या मुलखात बोलले जात असेल, तर शेवटचा आक्षेप ठेवणीतला असतो : शिवनेरी आणि नाणेघाट असताना परक्यांच्या शिकाऊ विमानांशी आपला संबंध काय? हे पाचही आक्षेप इतक्या सहजपणे मान्य होतात की ते तपासावेत असे कोणाला वाटत नाही. ते तपासले, तर एकही टिकत नाही.

पहिला आक्षेप लढण्याचा. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार वापिटी विमाने होती आणि तिचे वैमानिक इंग्लंडमधील क्रॅनवेलला शिकून आलेले होते. १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हाही या दलात एकच स्क्वाड्रन आणि १६ अधिकारी होते. युद्ध संपले तेव्हा स्क्वाड्रनांची संख्या नऊ झाली होती. या सहा वर्षांत एका स्क्वाड्रनच्या नऊ झाल्या त्या कशामुळे? परदेशातून विमाने आणता येतात, ती चालवणारी माणसे अशी मागवता येत नाहीत. ती बेगमपेठ आणि जोधपूरच्या प्राथमिक शाळांत टायगर मॉथवर आणि पुढे अंबाल्याच्या शाळेत हार्ट, ऑडॅक्स व हार्वर्डवर तयार झाली. टायगर मॉथ हे कापड मढवलेले, उघड्या कॉकपिटचे, १३० अश्वशक्तीचे दुपंखी विमान होते. विद्यार्थी मागच्या आसनावर, शिक्षक पुढे आणि दोघांत बोलण्याची एक नळी. तिथून सुमारे ६०० अश्वशक्तीच्या, धातूच्या, चाके पोटात ओढून घेणाऱ्या हार्वर्डपर्यंतची चढण ज्याने पार केली, तोच हरिकेनमध्ये बसू शकला. ब्रह्मदेशातील प्रत्येक लढाऊ उड्डाणाच्या पोटात अशी कित्येक शिकाऊ उड्डाणे आहेत. त्यांना वगळून लिहिलेला त्या दलाचा इतिहास परिणामांचा असतो, कारणांचा नसतो.

ही बाब एकट्या भारताची नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १७ डिसेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्ध सुरू होऊन चार महिनेही झाले नसताना, प्रशिक्षणाचा संयुक्त करार केला, आणि त्यातून एकट्या कॅनडात १ लाख ३१ हजारांहून अधिक वैमानिक, दिशादर्शक व तोफची तयार झाले. जर्मनीने नेमके उलटे केले. स्टालिनग्राडला वेढल्या गेलेल्या सैन्याला रसद पोचवण्यासाठी वैमानिक-शाळांतील युंकर्स ५२ विमाने आणि शिक्षक ओढून नेले, ते तिथे गमावले, आणि पुढे इंधनाच्या टंचाईत शिकाऊ उड्डाणांचे तास कापले. १९४४ मध्ये जो जर्मन लढाऊ वैमानिक आघाडीवर येत होता, तो त्याच्यासमोरच्या ब्रिटिश किंवा अमेरिकन वैमानिकाच्या निम्म्याहून कमी तास उडालेला असे. त्या वर्षी जर्मन कारखान्यांतून विमाने विक्रमी संख्येने बाहेर पडत होती. मग आकाश त्यांच्या हातून का गेले? या प्रश्नाचे निम्मे उत्तर प्रशिक्षण विमानांच्या उड्डाण-तासांत आहे. ते तास ज्या कागदांवर लिहिलेले आहेत, त्यांना युद्धाचे कागद म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

शिवाय 'लढली नाहीत' हे विधान वस्तुस्थिती म्हणूनही खोटे आहे. १९४० मध्ये ब्रिटनवर स्वारीची भीती होती, तेव्हा टायगर मॉथच्या पोटाखाली बॉम्बचे सांगाडे बसवून त्यांना किनाऱ्यावर पाठवण्याची तयारी झाली होती. ब्रह्मदेशाच्या जंगलात हीच टायगर मॉथ मागच्या भागावर झाकण बसवून जखमींना उचलण्यासाठी वापरली गेली. जिथे मोठे विमान उतरू शकत नव्हते, तिथे हे लहान विमान उतरत होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाला, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत श्रीनगरकडे झेपावलेल्या विमानांत अंबाल्याच्या प्रशिक्षण शाळेतील स्पिटफायर आणि हार्वर्डही होती. पुढे कोरियात आणि केनियात हार्वर्डच्या जातीची विमाने थेट युद्धकार्यात उतरली. एकाच विमानाची नोंद कधी 'शाळा' म्हणते, कधी 'आघाडी' म्हणते. ती नोंद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते विमान लढले की नाही, हे कोण ठरवणार?

लढण्याचा अर्थ मृत्यूची जोखीम असा घेतला, तरी उत्तर बदलत नाही. ब्रिटनच्या बॉम्बर दलाचे ५५ हजारांहून अधिक वैमानिक-कर्मचारी युद्धात मरण पावले, आणि त्यांतील आठ हजारांहून अधिक जणांचा बळी शत्रूने घेतला नव्हता, तर प्रशिक्षणातील व इतर अपघातांनी घेतला होता. अमेरिकेत तर आपल्याच भूमीवर, आपल्याच आकाशात, सैन्याच्या विमान-अपघातांत १५ हजारांच्या आसपास माणसे दगावली. शिकताना मेलेल्या विशीतल्या मुलाला वीरगतीच्या यादीत जागा मिळत नाही, त्याच्यावर पोवाडा होत नाही. त्याचे नाव, विमानाचा क्रमांक, वेळ, ठिकाण आणि कारण एका अपघात-कार्डावर नोंदवले जाते, ब्रिटिश हवाई दलात त्याला फॉर्म ११८० म्हणत. ज्या भारतीयांचे दहन झाले त्यांना कबर नाही. एखाद्या सामूहिक स्मारकावर नाव असते, आणि मृत्यू कसा आला हे सांगणारा कागद एखादा असलाच तर हाच. तो कागद बिनमहत्त्वाचा म्हणणे म्हणजे तो मृत्यूच बिनमहत्त्वाचा म्हणणे. हे म्हणण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी ते उघडपणे म्हणावे.

दुसरा आक्षेप कारकुनीचा. क्रमांक, तारखा, शाळांची नावे, यात माणूस कुठे आहे, असे विचारले जाते. हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा, याचे विशेष वाईट वाटते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी उभी हयात गावोगावच्या वाड्यांतली दप्तरे उपसण्यात घालवली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हा खंडांचा डोंगर अशाच पत्रांनी, यादींनी आणि हिशेबांनी उभा राहिला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते कागद आधी आणि कथा नंतर, या निष्ठेवर. पेशवे दप्तरातील रुमालांत जमाखर्च, हजेऱ्या, नेमणुका आहेत, आणि त्यातूनच अठराव्या शतकातला मराठी माणूस आज आपल्याला चालताबोलता दिसतो. मोडी कागदातील जमाखर्च हा इतिहास आणि इंग्रजी फॉर्मवरील नोंद ही कारकुनी, हा भेद कोणत्या तर्काने करायचा? विमानाच्या हालचाल-कार्डावर एखादे विमान वर्षात तीनदा दुरुस्तीला गेल्याचे दिसते, तेव्हा त्यामागे घाईने शिकवले जाणारे विद्यार्थी, थकलेले शिक्षक, सुट्या भागांची टंचाई आणि उन्हात तापलेली धावपट्टी असते. हे एका विमानावरून सिद्ध होत नाही. शंभर विमानांच्या कार्डांवरून होते. म्हणूनच शंभर कार्डे वाचावी लागतात.

या नोंदींचा उपयोग निव्वळ स्मरणापुरता नसतो, हेही सांगितले पाहिजे. १९४४ च्या अखेरीस भारतात लाकडी बांधणीच्या मॉस्किटो विमानांचे पंख हवेत निखळून अपघात झाले. दोष इथल्या उष्ण-दमट हवेचा की कारखान्यातील जोडकामाचा, हा वाद पेटला. तो सुटला तो एकेक विमान आणि त्याची जडणघडण तपासून, सर्वसाधारण मते मांडून नव्हे. विमानाच्या जातीचा इतिहास आणि एका विमानाचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्यावाचून पहिला पोकळ राहतो.

आता जुन्नरचा प्रश्न. शिवनेरीच्या परिसराने अशा इतिहासाकडे पाठ फिरवावी, असे ज्यांना वाटते, त्यांनी जुन्नरचाच प्राचीन इतिहास कशावर उभा आहे ते पाहावे. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात काय आहे? यज्ञांची नावे, आणि प्रत्येक यज्ञात किती गाई, किती हत्ती-घोडे, किती कार्षापण दक्षिणा म्हणून दिले त्याचे आकडे. ती एक यादी आहे. आणि भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासाच्या जुन्या भक्कम पुराव्यांपैकी एक म्हणून जगभरचे अभ्यासक त्याच यादीकडे जातात. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तिथल्या लेखांत राजे थोडे आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणारे आणि कासार आहेत, पाण्याचे टाके देणारा इरिल नावाचा यवन आहे, नहपानाचा अमात्य अयम आहे. कोणत्या गावची किती निवर्तने जमीन दिली, याच्या नोंदी आहेत. या माणसांनी लढाई जिंकली नाही, किल्ला घेतला नाही. त्यांनी एक टाके खोदवले आणि तसे लिहून ठेवले. त्या लहान नोंदी नसत्या, तर दोन हजार वर्षांपूर्वीचे जुन्नर आज आपल्याला कितीसे कळले असते? ज्या भूमीचा मान अशा नोंदींनी वाढला, त्या भूमीने दुसऱ्या काळातल्या लहान नोंदींना तुच्छ म्हणू नये.

आकाशाशीही या मुलखाचा संबंध नाही असे नाही. ७ जुलै १९६२ च्या रात्री सिडनीहून रोमकडे निघालेले आणि मुंबईला उतरू पाहणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले, आणि त्यातील सर्व ९४ जण मरण पावले. चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट होता. मुंबई प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जवळ आली असे समजून विमान वेळेआधीच खाली आणले गेले, सुरक्षित उंचीची मर्यादा पाळली गेली नाही, आणि वैमानिकाला या मार्गावरील भूप्रदेशाची ओळख नव्हती. सह्याद्रीच्या या रांगांवर तो अपघात घडला आणि तो का घडला हे नोंदींच्या आधाराने ठरवता आले. दिशा, उंची, भूप्रदेश यांचे भान वैमानिकाच्या अंगी मुरवण्यासाठीच प्रशिक्षण विमान असते. त्या भानाची किंमत जुन्नरच्या डोंगरांनी पाहिलेली आहे. मग त्या प्रशिक्षणाचा इतिहास जुन्नरला परका कसा?

'ते इंग्रजांचे युद्ध होते' हा आक्षेप वरवर स्वाभिमानी वाटतो. पण इटलीत पराक्रम गाजवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे रायगड जिल्ह्याचे आणि नामदेव जाधव जुन्नरशेजारच्या, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे, यांचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो रास्त आहे. तेही त्याच युद्धातले सैनिक होते. पायदळाच्या शिपायाला आपला म्हणायचे आणि हवाई दलाच्या विद्यार्थ्याला इंग्रजांचा म्हणायचे, याला स्वाभिमान म्हणत नाहीत. आणखी एक गोष्ट या आक्षेपाला ठाऊक नसते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. त्या कारखान्यात जुळवून १९४१ च्या ऑगस्टमध्ये तयार झालेले पहिले विमान कोणते होते? हार्लो नावाचे प्रशिक्षण विमान. १९४२ मध्ये सरकारने युद्धाच्या गरजेपोटी वालचंदांकडून कंपनी ताब्यात घेतली. पण तिथे हात बसलेले कारागीर या देशात राहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचे, जर्मनीत गॉटिंगनला शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी याच कारखान्यात एचटी-२ ची रचना केली. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम उडाले आणि पुढे हवाई दलात त्याने टायगर मॉथची जागा घेतली. काही एचटी-२ नव्याने स्वतंत्र झालेल्या घानाच्या हवाई दलालाही देण्यात आली. स्वतंत्र भारताने स्वतः रचलेले आणि मोठ्या संख्येने बांधलेले हे पहिले विमानही प्रशिक्षण विमानच होते. म्हणजे या देशाच्या विमानउद्योगाचे पहिले दोन टप्पे प्रशिक्षण विमानांचे आहेत, आणि दोन्हींवर मराठी मातीतल्या माणसांचा ठसा आहे. टायगर मॉथ कुठे कमी पडत होते, इथल्या हवेत काय टिकत होते, विद्यार्थी कुठे चुकत होते, हा अनुभव एचटी-२ च्या मागे होता. तो अनुभव इंग्रजांचा म्हणून टाकून द्यायचा?

हवाई दलातील माणसांचेही तेच. १९४० मध्ये दाखल झालेले हृषीकेश मुळगावकर १९७६ मध्ये आणि १९४५ मध्ये दाखल झालेले लक्ष्मण माधव कात्रे १९८४ मध्ये स्वतंत्र भारताचे हवाई दल प्रमुख झाले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला, तेव्हा हवाई दलातल्या भारतीय कर्मचाऱ्यांनीही त्याला साथ दिली. साम्राज्याने आपल्या सोयीसाठी ज्यांना शिकवले, ती माणसे आणि ती विद्या साम्राज्याची राहिली नाही. हे सत्तांतर कसे झाले, हे समजून घ्यायचे तर ते शिक्षण जिथे आणि ज्यावर झाले, तिथे जावेच लागते.

आता राहिला एकच आक्षेप, कागद उरलेले नसल्याचा. ब्रिटिश हवाई दल प्रत्येक विमानाचे हालचाल-कार्ड, फॉर्म ७८, ठेवत असे, आणि अशी कार्डे लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहेत. शाळा आणि स्क्वाड्रनांच्या दैनंदिन नोंदवह्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. हे खरे आहे की विमान भारतात पाठवले गेले की त्याचे कार्ड बहुधा मुके होते. 'भारत' असा शेरा आणि एकदम मोडीत काढल्याची तारीख, मधली वर्षे कोरी. पण ही कोरी वर्षे भरून काढण्याचा मार्गही तितकाच ठाऊक आहे. प्रत्येक वैमानिकाला स्वतःची उड्डाण-नोंदवही ठेवावी लागत असे. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाची जात आणि क्रमांक, सोबत कोण, काम काय, किती वेळ, हे सगळे त्यात असे. दोन विद्यार्थ्यांच्या वह्यांत एकच क्रमांक सापडला की त्या विमानाचे दोन दिवस उजेडात येतात, आणि वीस वह्या मिळाल्या तर एखादे वर्ष. भारतीय विद्यार्थ्यांच्या या वह्या बहुधा ब्रिटनमध्ये नाहीत. त्या भारतातल्या, महाराष्ट्रातल्या घरांत, ट्रंकांत आणि माळ्यांवर आहेत, आणि 'शिकाऊ विमानांना कसला इतिहास' या समजुतीनेच त्या रद्दीत जातात. म्हणजे कागद नाहीत म्हणून अभ्यास नको, असे सांगणारे मत स्वतःच कागद नष्ट करते. सरकारी दप्तरांबाबतही हेच म्हणता येईल. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये युद्धविषयक नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. या शाळांच्या नोंदींना आठ दशके उलटली आहेत. त्या मागायच्या कोणी? ज्यांना त्यांची किंमत कळते त्यांनीच.

यावर एक पळवाट सुचवली जाते. दिल्लीला हवाई दलाचे संग्रहालय आहे, २०१२ च्या हवाई दल दिनाला हिंडनवर दुरुस्त केलेले टायगर मॉथ उडाले, नंतर हार्वर्डही उडाले, मग आणखी काय हवे? त्या उड्डाणांचा आनंद निर्विवाद आहे, आणि त्यासाठी झटलेल्या तंत्रज्ञांचे ऋण मोठे आहे. पण रंगवून उभे केलेले विमान स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही. त्याच्यावर कोण शिकले, ते कुठे आपटले, त्याच्या पंखाखाली कोणत्या गावची माळराने गेली, हे नोंदीच सांगतात. नोंदींशिवाय ते विमान टायगर मॉथच्या जातीचा नमुना ठरते. नोंदींसह ते एक विशिष्ट विमान होते, ज्याला जन्म, आयुष्य आणि माणसे आहेत.

म्हणून शिकाऊ विमानांना इतिहास नसतो हे मत मागे घेतले पाहिजे, आणि त्याच्या जागी काम सुरू झाले पाहिजे. युद्धकाळातील प्रशिक्षण विमानांचा सेवा-इतिहास हा युद्धाच्या इतिहासाचा पाया आहे, त्याचे परिशिष्ट नव्हे. भारतीय हवाई दल त्या विमानांवर उभे राहिले, भारतीय विमानउद्योग त्यांच्यापासून सुरू झाला, आणि शिकता शिकता मेलेल्यांची अखेरची साक्ष त्यांच्याच कागदांत आहे. ज्या घरात उड्डाण-नोंदवही, छायाचित्र वा नियुक्तिपत्र आहे, त्या घराने ते रद्दीत न घालता त्याची प्रत करून एखाद्या अभिलेखागाराला किंवा संशोधन संस्थेला द्यावी. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना हे विषय द्यावेत. लेण्यांतल्या धान्यव्यापाऱ्याचे नाव दोन हजार वर्षांनी वाचून ज्यांची छाती भरून येते, त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी टायगर मॉथमध्ये बसलेल्या मुलाचे नावही शोधलेच पाहिजे, आणि त्याच्या विमानाचा क्रमांकही.